उरलेले दोन व्होल्ट

सोमवारी दुपारी अकरावा मीटरही खराब ठरला. शकुने तो उचलून कानाशी हळूच हलवून पाहिला. आत काही सुटलं असेल तर खुळखुळतं, हे एकोणीस वर्षांच्या अनुभवाने तिला ठाऊक होतं. काही वाजलं नाही. काटा शून्यावर शहाण्या मुलासारखा बसून होता.

"लिही," मृणालिनी मॅडम म्हणाल्या. "व्होल्टमीटर नंबर अकरा. खराब."

शकुने रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. गेल्या पाच आठवड्यांत तिने याच रकान्यात हा शब्द दहा वेळा लिहिला होता, आणि प्रत्येक वेळी तिचा जीव वर-खाली झाला होता. कारण अक्षर तिचं होतं. उद्या कोणी रजिस्टर उघडलं तर त्याला एवढंच दिसणार, की शकुंतला खिल्लारे नावाच्या बाईच्या ताब्यातल्या बारा मीटरांपैकी अकरा एका पावसाळ्यात कामातून गेले, आणि बाईने ते आपल्या हाताने लिहूनही ठेवलं.

घाटकोपरच्या त्या ज्युनिअर कॉलेजात शकु फिजिक्सच्या लॅबची अटेंडंट होती. जालन्याकडून लग्न होऊन विक्रोळीला आली, नवरा गेल्यावर इथे झाडू मारायला लागली. तेव्हाचे जयवंत सर मोठे हौशी. त्यांनी तिला एकेक वस्तू नावानिशी ओळखायला शिकवली. लाल तार कुठे, काळी कुठे, सेल कसा तपासायचा, काटा शून्यावर कसा आणायचा. हळूहळू झाडू सुटला आणि लॅबच्या किल्ल्या कमरेला आल्या. बारावीची पोरं तिला मावशी म्हणत, आणि जोडणी चुकली तर मावशी लांबूनच ओरडायची, "तार उलटी लावलीस रे." जयवंत सर मार्चमध्ये रिटायर होऊन मुलाकडे नाशिकला गेले. जूनपासून मृणालिनी मॅडम आल्या.

मॅडम बाई म्हणून वाईट नव्हत्या. मुलुंडहून वेळेवर यायच्या, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं, पोरांवर कधी आवाज चढवायच्या नाहीत. पण पोर्शन संपवायची त्यांना सदा घाई, आणि सगळी भानगड या घाईतून सुरू झाली.

प्रयोग अगदी साधा होता. चार सेलच्या डबीतून सहा व्होल्ट मिळतात. त्या डबीला दोन सारखेच रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे तुकडे, एकापुढे एक जोडायचे. दोघं भाऊ सारखे म्हटल्यावर वाटणीही सारखी, म्हणजे सहातले तीन याच्यावर, तीन त्याच्यावर. व्होल्टमीटर लावायचा, तीन आले की जर्नलमध्ये लिहायचे, सही घ्यायची. पाच मिनिटांचं काम. पण यंदा पहिल्या बॅचपासून काटा तीनवर जाईचना. तो दोनवर जायचा आणि तिथे ठाण मांडून बसायचा. पोरं हाका मारायची, मॅडम यायच्या, पर्समधून आपला छोटा डिजिटल मीटर काढून त्याच जागी टेकवायच्या. त्यावर आकडा यायचा दोन पॉइंट नव्व्याण्णव.

"बघ, तीनच आहेत. तुझा मीटर खराब. बसव तू."

'बसव' म्हणजे रीडिंग बसव. हा शब्द त्या लॅबच्या फरशीइतका जुना. जे यायला हवं ते आलं नाही तर पेन्सिलीने उत्तर आधी लिहायचं, मग रीडिंग त्याच्यावर बसवायचं, जशी आखूड झालेली चादर ओढून ओढून गादीवर बसवतात तशी. पोरं बसवायची, मॅडम सही करायच्या, आणि मीटर मात्र रजिस्टरमध्ये खराब व्हायचा.

मंगळवारी सकाळी ऑफिसातला काशीराम चहा पिता पिता शकुला म्हणाला, तुमच्या मॅडमनी प्राचार्यांना पत्र दिलंय, मी स्वतः आवक केलंय. मजकूर त्याला पाठ होता. अकरा मीटर निकामी, उपकरणांची हाताळणी निष्काळजीपणे झाल्याचं दिसतं, सबब मीटर भंगारात काढावेत आणि अटेंडंटला अन्यत्र काम द्यावं. अन्यत्र म्हणजे तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम. शुक्रवारी तीन वाजता साहेबांनी दोघींना बोलावलं होतं.

शकु तशीच जिना चढून वर गेली. मॅडम पेपर तपासत होत्या.

"शकुताई, मी तुझ्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी मीटरांबद्दल लिहिलंय."

"मीटर कुणाच्या हातात असतात मॅडम?"

यावर मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, की सहा आठवड्यांपूर्वी एकही मीटर खराब नव्हता, आता अकरा आहेत, हे कुणाला तरी सांगावं लागणारच. रेकॉर्ड रूममध्ये पगार तोच राहील. शकुला सांगायचं होतं, की पगाराचं कोण बोलतंय. एकोणीस वर्षांत एक काच फुटली नाही माझ्या हातून. पण तेवढ्यात घंटा झाली.

दिवसभर ती मीटरांच्या मागे लागली. मागचे स्क्रू घट्ट केले. पितळी खुंट्या पॉलिश पेपरने घासून लखलखीत केल्या. तारा बदलल्या. रेझिस्टरवर लावला की काटा दोन. एकदा वैतागून तिने मीटरला चापट मारली, आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून दाराकडे नजर टाकली. निष्काळजीपणाचा पुरावा आपणच द्यायचो.

संध्याकाळी ऑफिसातून रीतसर गेटपास घेऊन तिने दोन मीटर कापडी पिशवीत घातले आणि विक्रोळी स्टेशनजवळ मधुकरच्या दुकानात गेली. मधुकर पूर्वी एका मोठ्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा. कारखान्याचा तो विभाग बंद झाल्यावर त्याने स्वतःचा गाळा टाकला. त्याने मीटर आपल्या सप्लायला जोडला. सहा दिले, सहा दाखवले. तीन दिले, तीन. दीड दिले, दीड. दुसराही तसाच.

"शकुताई, मीटर टकाटक आहेत. काय दुरुस्त करू?"

"अरे, लॅबमध्ये तीनचे दोन दाखवतात."

"मग लॅबला घेऊन या दुकानात. मीटरला काय झालं नाय."

तो हसला. शकुला रडू यायचं बाकी होतं. सासरी अंथरुणाला खिळलेली पोर माहेरी आल्या आल्या ठणठणीत उठून कामाला लागावी, आणि सगळ्यांनी म्हणावं, नाटकं होती हिची, तशातली गत. तिने मधुकरकडून कार्डामागे लिहून घेतलं, दोन्ही मीटर तपासले, बरोबर आहेत.

बुधवारी मॅडमनी ते कार्ड वाचून टेबलावर पालथं ठेवलं. दुकानदाराच्या चिठ्ठीवर साहेबांना काय सांगायचं, असं विचारलं. तरी बिचाऱ्या उठल्या, मीटर स्वतः रेझिस्टरवर लावला. दोन. स्वतःचा लावला. दोन पॉइंट नव्व्याण्णव.

"आता तूच सांग. दोघांतला एक खोटा बोलतोय की नाही?"

घरी आल्यावर शकुने लेकीपुढे, सपनापुढे, सगळं ओतलं. सपना एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, सोड ना, रेकॉर्ड रूमला एसी आहे, मस्त बस. शकु ताडकन उठून भांडी घासायला गेली. नंतर सपनाच मागून आली आणि म्हणाली, की आमच्याकडे एका मशीनवर रिपोर्ट विचित्र आला तर मशीन बदलत नाहीत आधी. तेच मशीन ज्याचा रिपोर्ट आपल्याला ठाऊक आहे त्याच्यावर लावून बघतात, आणि चांगलं ठरलेलं मशीन या नमुन्यावर लावून बघतात. शकुचा हात पाण्याखाली थांबला. बारावा मीटर! तो कधी प्रयोगाला गेलाच नव्हता. तो बिचारा दाराजवळच्या टेबलावर सेल तपासायला असायचा, आणि एकटा चांगला म्हणून रजिस्टरमध्ये मिरवत होता.

गुरुवारी प्रॅक्टिकलची बॅच नसते. शकुने लॅबचं दार आतून लोटून घेतलं, सेलची डबी मांडली, दोन रेझिस्टर जोडले आणि बाराव्या मीटरच्या तारा त्यातल्या एकावर लावल्या.

काटा दोनवर गेला.

ती स्टुलावर बसली. म्हणजे हाही खराब? की कोणीच खराब नाही? तिने बारावा मीटर सरळ डबीवर लावला. सहा. अकरावा डबीवर लावला. सहा. पाचवा, तिसरा, सातवा, सगळे सहा. एकाचाही काटा इकडचा तिकडे नाही. आणि रेझिस्टरवर आणले की सगळे दोन. बारा जण बारा वाटांनी खोटं बोलले असते तर एक वेळ पटलं असतं. पण बारा जण एकच खोटं बोलत होते.

मग तिला वाटलं, दोन मीटर शेजारी शेजारी एकाच रेझिस्टरवर लावावेत, कोणाचा काटा आधी घसरतो ते बघावं. पहिला लावला, दोन. त्याच खुंट्यांवर दुसरा टेकवला, आणि तिच्या डोळ्यांदेखत पहिल्याचा काटा खाली आला. दोघंही दीडवर.

तिने दुसरा काढला. पहिला पुन्हा दोनवर चढला. लावला. उतरला. काढला. चढला. असं तिने सातआठ वेळा केलं, आणि प्रत्येक वेळी तिचा राग वाढत गेला, कारण हे मीटर तिला काहीतरी सांगत होते आणि तिला ती भाषा येत नव्हती. तिने तिसरा आणला. तिघंही दीडच्या खाली, सव्वाच्या जरा आत. चौथा. एक. पंगतीत पातेलं तेवढंच आणि पानं वाढत गेली, की प्रत्येकाच्या पानात कमी येतं, तसंच हुबेहूब. म्हणजे मीटर नुसता बघत नव्हता. तो पंगतीला बसत होता!

पण मग मॅडमचा तो छोटा मीटर? तो का जेवत नाही? आणि डबीवर लावल्यावर यांना पुरेसं कसं मिळतं? शकुने मीटरची काच पुसली. तबकडीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी छापलं होतं, एक हजार, पुढे घोड्याच्या नालासारखी खूण आणि तिच्यापुढे V. रोज पुसूनही आजवर तिने ते कधी वाचलं नव्हतं. नालाची खूण ओहमची, म्हणजे वीज किती अडते त्याची, एवढं तिला माहीत होतं. त्यापुढे भिंत.

दुपारी ती मॅडमना सांगायला गेली. मॅडमना एक वाजता टॅक्स भरायचा होता, दोन वाजता लेक्चर, तीनला मीटिंग. त्यांनी दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शकुताई, दोन मीटर एका जागी कशाला लावायचे? असा प्रयोगच नाही." शकु म्हणाली, पाच मिनिटं या. मॅडम म्हणाल्या, उद्या बघू. उद्या म्हणजे शुक्रवार. शकु जिन्यात उभी राहिली आणि तिने कठड्यावर दोन बुक्क्या मारल्या.

शुक्रवारी साडेबाराला सी बॅच आली. तीत गंधाली नावाची मुलगी होती, दोन वेण्यांची, तोंडाने फटकळ. तिने दोन्ही रेझिस्टरांवर रीडिंग घेतलं आणि मॅडमना हाक मारली.

"मॅडम, यावर दोन आणि त्यावर पण दोन."

"मीटर खराब आहे गं. तीन बसव."

"पण मॅडम, दोन आणि दोन चार होतात ना. डबीत सहा आहेत. उरलेले दोन व्होल्ट गेले कुठे?"

"म्हणूनच म्हटलं, मीटर खराब आहे."

"मग डबीवर लावला की सहा बरोबर कसे दाखवतो?"

दोनतीन पोरं हसली. कोणीतरी मागून म्हणालं, बसव ना यार, सही घे आणि चल. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. शकु कपाटाशी उभी होती. शिकवणं सुरू असताना अटेंडंटने मध्ये बोलायचं नाही, हा नियम तिला कोणी सांगितला नव्हता, पण तो तिने एकोणीस वर्षं पाळला होता. आज घड्याळात पाऊण झाला होता आणि तीन वाजायला सव्वादोन तास होते. तिने बारावा मीटर उचलला, गंधालीच्या टेबलाशी गेली आणि त्याच्या तारा त्याच खुंट्यांवर टेकवल्या.

गंधालीच्या मीटरचा काटा खाली घसरला.

"मावशी, हे काय केलंस? पाडलास ना माझा!"

शकुने तारा काढल्या. काटा वर आला. पुन्हा लावल्या. खाली. आता कोणी हसत नव्हतं. ती मॅडमकडे बघून म्हणाली, "मॅडम, दुसरा लावला की पहिल्याचं कमी होतं. म्हणजे पहिला लावला तेव्हाही कुणाचं तरी कमी झालंच असेल ना?"

मॅडम जवळ आल्या. त्यांनी तारा शकुच्या हातातून घेतल्या आणि स्वतः लावून पाहिल्या. मग वाकून तबकडीच्या कोपऱ्यातली ती बारीक अक्षरं वाचली. मग रेझिस्टर उचलून त्यावरचे रंगीत पट्टे पाहिले, तपकिरी, काळा, नारिंगी. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"दहा हजार," त्या जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या. "एका व्होल्टला एक हजार, आणि मीटर दहा व्होल्टचा, म्हणजे तोही दहा हजार. आणि रेझिस्टरही दहा हजार."

मग त्या फळ्याकडे वळल्या आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी घाई केली नाही. त्यांनी पोरांना समजावलं, की मीटर म्हणजे नुसता डोळा नाही, त्याच्यातूनही थोडी वीज वाहते. त्याशिवाय काटा हलणार कसा? तो रेझिस्टरच्या शेजारी बसला, की विजेला एकाऐवजी दोन वाटा मिळतात. दहा हजाराच्या शेजारी दहा हजार बसले, की दोघांचे मिळून पाच हजार उरतात. आता एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला अजून दहा, मग वाटणी सारखी कशी होईल? पंधरातले पाच म्हणजे एक तृतीयांश. सहाचा एक तृतीयांश किती?

"दोन," गंधाली म्हणाली. "म्हणजे मीटर खरं बोलत होता?"

"तो बसला असताना तिथे खरंच दोन व्होल्ट होते. तो उठला की तीन. तुझे उरलेले दोन व्होल्ट दुसऱ्या रेझिस्टरकडे गेले होते. आणि दुसरं रीडिंग घ्यायला मीटर तिकडे नेलास, की इकडे आले."

"आणि तुमचा तीन कसा दाखवतो?"

"माझा एक कोटी ओहमचा आहे. तो जवळजवळ काहीच घेत नाही."

शकुला आतून एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी वैतागही आला. ती म्हणाली, "किटलीतून घोटभर चहा चाखला तर कुणाला कळत नाही. कटिंगमधून चाखला तर गिऱ्हाईक भांडायला उठतं. तेच ना मॅडम?"

पोरं खो खो हसली. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, तेच, आणि डबी म्हणजे भरलेली किटली, म्हणून तिच्यावर सहाच दिसतात. आणि मग विचारलं, "पण या प्रयोगाला दहा हजाराचे कोणी आणले? शंभरचे हवेत. किटली हवी, शकुताई."

शकुने कपाटाच्या खालच्या फळीवरून लाकडी पट्टीवर बसवलेल्या तारेच्या जुन्या गुंडाळ्या काढल्या. शंभर ओहमच्या. त्या जोडल्या, बारावा मीटर लावला. काटा तीनवर गेला. मग अकरावा, पाचवा, तिसरा. सगळे तीन. मॅडम बघत राहिल्या आणि म्हणाल्या, जयवंत सरांनी जाता जाता हा काय घोळ घालून ठेवला.

इथे शकु गप्प राहिली असती तर कोणालाच काही कळलं नसतं. सर नाशिकला होते, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. पण ते तिचे सर होते.

"सरांनी नाही मॅडम. मी सांगितलं होतं. त्या गुंडाळ्यांवर सेल महिनाभरात संपायचे, पोरं जोडणी तशीच सोडून जायची. मीच सरांच्या मागे लागले, की सर, सेल फार खातात ह्या, दुसरं काहीतरी द्या. त्यांनी जायच्या आठवड्यात ही रंगीत आणून दिली. बॅचेस संपल्या होत्या, त्यांनी कधी लावून बघितली नाहीत."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, की सेल वाचवायचं तू सांगितलंस, पण रेझिस्टर बदलले तर मीटरचं काय होईल हे बघणं तुझं काम नव्हतं. ते त्यांचं होतं, आणि नंतर माझं.

यानंतर मॅडमना जो उत्साह चढला, त्याला तोड नव्हती. त्यांनी पोरांना दोन मीटर लावायला लावले, तीन लावायला लावले, प्रत्येकाचा हिशेब फळ्यावर मांडला, बसवलेली रीडिंगं खोडायला सांगितली. घंटा झाली तरी कोणी हलेना. शकु दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती. दीड. पावणेदोन. मॅडमना सगळं आठवत होतं, फक्त तीन वाजताचं आठवत नव्हतं. शेवटी पोरं गेली आणि त्या पर्स उचलून, छान झालं हं आज, असं म्हणत निघाल्या.

"मॅडम, माझं पत्र," शकु म्हणाली.

"अगं हो. मी साहेबांना सांगते ना तीन वाजता. काळजी करू नकोस."

"तोंडी नको मॅडम. लिहून गेलंय ते. लिहूनच परत येऊ दे."

मॅडम थबकल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. शकुने वाचल्या. काही तांत्रिक कारणांमुळे मीटरांच्या नोंदीत तफावत आढळली होती, ती दूर झाली आहे, तरी आधीच्या पत्रावर कार्यवाही करू नये.

"यात मी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"आधीच्या पत्रात निष्काळजीपणा होता. तो कुठे गेला? तफावत दूर झाली, पण बाई निष्काळजीच राहिली ना."

मॅडमचा आवाज चढला, आणि तो चढताना शकुने पहिल्यांदाच ऐकला. "शकुताई, मग काय लिहू? मला मीटरचा रेझिस्टन्स लक्षात आला नाही, असं? मी फिजिक्स शिकवते. माझी चूक मी सगळ्या ऑफिसला वाचायला देऊ?"

"माझी वाचली ना मॅडम सगळ्यांनी. आणि ती माझी नव्हती."

खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना पीं पीं करत होती. मग मॅडमनी पहिला कागद चुरगळला आणि दुसरा घेतला. त्यातही त्यांनी एकदा 'बहुधा' लिहिलं, शकुने त्यावर बोट ठेवलं, त्यांनी तो खोडला. तिसरा कागद स्वच्छ लिहिला. अकराही मीटर सुस्थितीत आहेत. प्रयोगात वापरलेले रेझिस्टर मीटरच्या मानाने फार मोठे होते. ही बाब तपासण्याआधीच मी मीटर खराब ठरवले. उपकरणांच्या हाताळणीत कोणताही दोष नाही. प्रयोगातला दोष अटेंडंट श्रीमती खिल्लारे यांनी प्रयोग करून दाखवून दिला.

शेवटची ओळ शकुने मागितली नव्हती. ती तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, "तारीख राहिली मॅडम."

तीन वाजता प्राचार्यांनी पत्र वाचलं, एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा शकुकडे. मग पहिलं पत्र फाईलमधून काढलं आणि म्हणाले, ठीक आहे, विषय संपला, हे फाडून टाकू.

"फाडू नका साहेब," शकु म्हणाली.

साहेबांनी भुवया उंचावल्या. आपण मोठ्या मनाने मिटवत असताना ही बाई पुन्हा काय उकरतेय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"आवक रजिस्टरला त्या पत्राचा नंबर आहे. पत्र नसलं तर उद्या कोणीतरी म्हणेल, काहीतरी होतं म्हणून गायब केलं. दोन्ही लावा. आधीचं खाली, हे वर."

साहेबांनी उसासा टाकून पंचिंग मशीन ओढलं. ते नेमकं अडकलं. त्यांनी दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा मुठीने ठोकलं, तेव्हा कुठे भोकं पडली. शकु दोन्ही कागद फाईलच्या दोऱ्यात ओवले जाईपर्यंत उभी राहिली. कोणी तिला बस म्हणालं नाही, आणि तिलाही बसायचं नव्हतं. गाठ बसली, फाईल मिटली, काशीराम ती घेऊन बाहेर गेला.

मग ती म्हणाली, "येते साहेब. डी बॅच वर थांबलीय," आणि किल्ल्या सावरत जिना चढायला लागली.